तालुक्याच्या वेशीवर अडलेली बातमी

दैनिकाने देशाचे प्रश्न मांडावेत; नळ, रस्ते आणि एसटीच्या फेऱ्यांसाठी जिल्ह्याचे पान आहेच, हे मत ऐकायला भारदस्त वाटते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात बसून तपासले की ते पोकळ ठरते.

इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि एप्रिल-मेमध्ये याच तालुक्यातल्या वाड्या टँकरची वाट बघतात. याची बातमी येतच नाही, असे कोणी म्हणणार नाही. येते, पण जिल्हा आवृत्तीत, आतल्या पानावर, दोन कॉलमांत. म्हणजे रिकामा हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईलाच आपण कळवतो की वाडीत पाणी नाही! निधी देणारे मंत्रालय मुंबईत, गावचा चाकरमानी नालासोपाऱ्यात; त्यांच्या हाती पडतो तो अंक वेगळाच. उलट मुंबईची लोकल खोळंबली की ते मंडणगडलाही कळते. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या दैनिकाची ही वाहतूक एकाच दिशेने चालते.

‘दैनिक म्हणजे समाजाचा आरसा, त्यात असेल तेच दिसते,’ हा बचावही टिकत नाही. आंबडवे हे या तालुक्यातले गाव डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा पैसे मोजूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात घेतली नाही. ‘केसरी’चे लोकमान्य टिळक याच जिल्ह्याचे, आणि ‘केसरी’ राष्ट्रीय चळवळीचे अग्रणी पत्र. राष्ट्राचा विचार करतानाही कोणाला राष्ट्रात धरायचे, हे संपादक ठरवतच असतो. आरसा असा निवडून दाखवत नाही.

‘मग मोबाइल बरा, तिथे कोणाची निवड नको,’ असे म्हणणाऱ्यांनी दैनिकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी असलेली बारीक ओळ वाचावी. मुद्रक, प्रकाशक, संपादक, छपाईचे ठिकाण. १८६७ च्या कायद्याने ही नावे छापणे बंधनकारक केले. मजकूर खोटा निघाला तर कोणाच्या दारात जायचे, हे वाचकाला माहीत असते. वादळाच्या रात्री फिरणाऱ्या निनावी मेसेजला असा धनी नसतो.

एक आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. १९४३ साली पुण्यातल्या भाषणात आंबेडकरांनीच सुनावले होते की पत्रकारिता आता साबणाच्या कारखान्याइतकीच नैतिक उरली आहे. खरे आहे, जिल्हावार पाने पाडण्यामागे स्थानिक जाहिरातींचे गणित असतेच. पण कागदाचा खर्चही न निघेल इतक्या किमतीत अंक मागणारा वाचक या व्यवहारातला भागीदार आहे. त्याने न भरलेले पैसे जाहिरातदार भरतो आणि पानावर हक्क सांगतो.

म्हणून दैनिकाकडे मागायचे ते नेमके मागावे. जिल्ह्याचे पान राहू दे; पण सरकारी निर्णयाने सुटणारा तालुक्याचा प्रश्न सर्व आवृत्त्यांत छापा. मंजूर झालेल्या पाणीयोजनेचे पुढे काय झाले, ते पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा विचारा. चूक झाली तर दुरुस्ती त्याच जागी, त्याच टाइपात द्या. आणि यासाठी दोन रुपये जास्त पडले तर वाचकाने कुरकुर करू नये. देशातले लोक एकमेकांची अडचण जाणतात तेव्हाच राष्ट्रीय जीवन उभे राहते, आणि मंडणगडची अडचण मुंबईला कळवणे हे दैनिकाचे पहिले राष्ट्रकार्य आहे.