रुसलेली रोटरी

सकाळी गाडी चालू झाली नाही की आपण सगळे एकच गोष्ट करतो. पुन्हा किल्ली फिरवतो. मग आणखी थोडा वेळ फिरवतो. मग अॅक्सिलरेटरवर दोन-चार वेळा पाय आपटतो, स्टिअरिंगला एक शिवी हासडतो आणि परत किल्ली. बहुतेक गाड्या हा छळ मुकाट सहन करतात. पण एक जात अशी आहे, की जितकं जास्त मनवायला जाल तितकी ती जास्त रुसते. रोटरी इंजिनची गाडी. म्हणजे माझदाची आरएक्स-सेव्हन किंवा तिची धाकटी बहीण आरएक्स-एट.

‘माझदा’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर स्वराज माझदाची मिनीबस आली ना? साहजिक आहे. आपल्या शाळेच्या सहली तिच्यातूनच गेल्या. आरएक्सवाल्या गाड्या आपल्याकडच्या शोरूमपर्यंत पोचल्याच नाहीत. पण अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये चित्र वेगळं आहे. तिथं सेकंडहँड आरएक्स-एट म्हणजे खिशाला परवडणारी स्पोर्ट्स कार. पहिल्या नोकरीचे चार पैसे साठले की तरुण पोरं ती उचलतात. त्यात आपली मराठी सॉफ्टवेअरवाली मंडळीही आलीच.

माझा मावसभाऊ त्यातलाच. मुक्काम न्यू जर्सी. मी गाड्यांवर लिहिते म्हणून खानदानातल्या प्रत्येक बंद पडलेल्या गाडीचा फोन मला येतो. त्याचाही आला. ‘‘ताई, गाडी मेली.’’

झालं होतं इतकंच. शनिवारी गॅरेजमध्ये सामान लावायचं म्हणून त्यानं गाडी बाहेर काढली. दहा पावलं. अर्ध्या मिनिटात इंजिन बंद. रविवारी किल्ली फिरवली तर नुसती घरघर. पठ्ठ्यानं पंधरा मिनिटं स्टार्टर मारला आणि बॅटरीही बसवली. एका मेकॅनिकनं फोनवरच निकाल देऊन टाकला : इंजिन गेलं, नवं बांधावं लागेल. तो खर्च गाडीच्या किमतीहून जास्त. त्यामुळे भाऊ गाडी भंगारात द्यायच्या तयारीत.

थांब रे बाबा! मेलेलं इंजिन आणि फ्लड झालेलं इंजिन यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि तो फरक बऱ्यापैकी घरबसल्या कळतो.

समोसा फिरतो गोल

आधी हे प्रकरण आहे काय ते बघू. नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतात. रोटरीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, साधारण आपल्या समोशासारखा, कमरेत किंचित दाबलेल्या लंबगोल डब्यात फिरत राहतो. त्याच्या तीन बाजू आणि डब्याची भिंत यांच्यामध्ये तीन कप्पे तयार होतात. एका कप्प्यात हवा-पेट्रोल आत येतंय, दुसऱ्यात ते दाबलं जातंय किंवा पेटतंय, तिसऱ्यातून धूर बाहेर जातोय. सगळं एकाच वेळी चालू. त्रिकोणाची एक फेरी होते तेव्हा मुख्य शाफ्टच्या तीन होतात.

फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाचं हे डोकं. १९६४ मध्ये एनएसयू कंपनीनं असं इंजिन बसवलेली पहिली गाडी विकायला काढली. माझदानं १९६१ मध्येच लायसन्स घेतलं होतं. केनिची यामामोतो आणि त्यांच्या ४७ इंजिनीअर्सच्या टीमनं हिरोशिमात डोकं लावलं आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली. १९९१ मध्ये चार रोटरवाल्या ७८७बी या गाडीनं ‘ल माँ’ची चोवीस तासांची रेस मारली. तोवर एकाही जपानी कंपनीला ती जिंकता आली नव्हती. आरएक्स-एट २००३ ते २०१२ बनली. इंजिन जेमतेम १.३ लिटरचं, पण जास्त ताकदीच्या मॉडेलचा काटा ९००० आरपीएमपर्यंत जातो. तेही शिट्टी वाजवल्यासारखा. २०२३ मध्ये माझदानं एमएक्स-३० मध्ये रोटरी परत आणली, पण ती चाकं फिरवत नाही. फक्त जनरेटरचं काम करते.

या इंजिनाचा जीव असतो त्या त्रिकोणाच्या तीन टोकांत. तिथं धातूच्या बारीक पट्ट्या असतात. त्यांना एपेक्स सील म्हणतात. भिंतीला घासत, कप्पा बंद ठेवत त्या फिरतात. यामामोतोंच्या टीमची झोप उडवली होती ती याच पट्ट्यांनी. त्या थरथरायच्या आणि भिंतीवर ओरखडे पाडायच्या. त्या ओरखड्यांना टीमनं नाव ठेवलं होतं ‘सैतानाची नखं’. आजही या पट्ट्यांना तेलाचा पातळ थर लागतो. त्यासाठी इंजिन स्वतःच थोडं थोडं ऑइल आत सोडत असतं आणि जाळत असतं. रोटरी ऑइल ‘पिते’ म्हणतात ते यामुळे. तो बिघाड नाही, तिचा खुराक आहे.

पेट्रोल जास्त, तेल गायब

आता फ्लडिंग. तुमच्या बाबांची जुनी चेतक आठवा. चोक जास्त ओढला, किकवर किक मारल्या, पेट्रोलचा भपकारा आला, की बाबा म्हणायचे, ‘‘प्लग ओला झाला.’’ मग प्लग काढायचा, फडक्यानं पुसायचा, फुंकर मारायची, परत लावायचा. आजार तोच. फक्त रोटरीत तो जरा खोलवर जातो.

थंड इंजिन चालू करताना कॉम्प्युटर पेट्रोलचा डोस वाढवतो. इंजिन गरम होईपर्यंत चाललं तर ते सगळं जळून जातं. पण गाडी दहा पावलं हलवून बंद केलीत, तर न जळलेलं पेट्रोल आतच राहतं. ते प्लग भिजवतं, आणि त्याहून वाईट म्हणजे भिंतीवरचा तेलाचा थर धुऊन काढतं. तेल गेलं की सील नीट बसत नाहीत. सील बसले नाहीत की कॉम्प्रेशन नाही. कॉम्प्रेशन नाही म्हणजे पेट्रोल पेटणार नाही. आणि तुम्ही किल्ली फिरवत राहता, म्हणजे दर वेळी आणखी पेट्रोल आत! बॅटरी दमते, स्टार्टर हळू फिरतो, दाब आणखी कमी. एकदम परफेक्ट दुष्टचक्र.

म्हणून या सगळ्याचा फंडा एका ओळीचा : आधी पेट्रोल बंद करा, मग आत साचलेलं बाहेर काढा, मग तेल परत द्या. चालू करायचं शेवटी.

स्टेप बाय स्टेप

सर्वांत आधी सेफ्टी. पेट्रोलची वाफ निघणार आहे. गाडी मोकळ्या हवेत हवी. सिगारेट, हीटर, काहीही पेटतं जवळ नको. आग विझवायचं सिलिंडर हाताशी. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर.

पहिला उपाय, हात न लावता. बॅटरी पूर्ण चार्ज करा किंवा दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावा. अर्धमेल्या बॅटरीवर हा खेळ करूच नका. मग आरएक्स-एटमध्ये अॅक्सिलरेटर जमिनीपर्यंत दाबून धरा आणि पाच ते दहा सेकंद स्टार्टर मारा. ऐकायला उलटं वाटतं, पण पॅडल पूर्ण दाबलेलं असताना क्रँक केलं की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. म्हणजे आत फक्त हवा जाते. मध्ये स्टार्टरला मिनिटभर विश्रांती द्या, नाहीतर तोही जळेल. दोन-चार वेळा करून बघा. जुन्या आरएक्स-सेव्हनमध्ये या पॅडलच्या युक्तीवर विसंबू नका. तिथं लोक इंधनाचा फ्यूज काढतात. काही शौकिनांनी त्यासाठी वेगळा स्विचच बसवून घेतलेला असतो.

दुसरा उपाय, पाना घेऊन. नाही झालं तर प्लग काढायचे. आरएक्स-एटमध्ये चार असतात, प्रत्येक रोटरला दोन. पुढचं डावं चाक काढलं की तिथून हात पोचतो. गाडी जॅकवर उचला, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नका. खाली स्टँड हवाच. वरचे आणि खालचे प्लग वेगवेगळ्या जातीचे असतात. कुठला कुठून निघाला त्याची चिठ्ठी चिकटवा, वायरींवरही. अदलाबदल चालत नाही.

आता इंधनाचा फ्यूज काढा आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडवा. हे विसरायचं नाही, कारण मोकळ्या भोकांतून पेट्रोलचा फवारा उडणार आहे आणि तिथं एक ठिणगी पुरते. भोकांसमोर जुनं फडकं लावा, स्वतः बाजूला उभे राहा आणि दुसऱ्याला थोडा थोडा स्टार्टर मारायला सांगा. फवारा थांबेपर्यंत.

मग तेल. प्रत्येक रोटरला चमचाभर इंजिन ऑइल, सिरिंजला नळी लावून, प्लगच्या भोकातून. चमचाभर म्हणजे चमचाभर. जास्त प्रेम दाखवू नका. स्टार्टरचा एक छोटा झटका दिला की तेल भिंतीवर पसरतं. प्लग स्वच्छ करून पूर्ण वाळवा. जुने झाले असतील तर नवेच लावा. बसवताना आधी हातानं फिरवा. डब्याचं अंग अॅल्युमिनियमचं आहे. आटा वाकडा बसला तर खरंच मोठा खर्च.

सगळं जोडा. बॅटरी परत तपासा. पॅडल दाबून स्टार्टर मारा, इंजिन पकडतंय असं वाटलं की पाय हळू वर घ्या.

भावानं बुधवारी संध्याकाळी हे सगळं केलं. फोन स्पीकरवर, मी इकडे पहाटेच्या चहासोबत. आधी चार वेळा घरघर. मग एक ठोका. मग अडखळत दोन. आणि मग ‘‘ताई, धूर! ताई, खूप धूर!’’ अख्खी गल्ली पांढरी. समोरचे आजोबा दार उघडून बाहेर आले. घाबरायचं काही नाही. ते आपणच घातलेलं तेल जळतंय. पाच-दहा मिनिटांत ओसरतं. तेवढ्यात रेस मारत बसू नका. सायलेन्सरच्या रस्त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यात कच्चं पेट्रोल साचलेलं असेल तर तो तापून लाल होतो. शांतपणे गरम होऊ द्या, एक चक्कर मारून आणा. मग डिपस्टिक हुंगा. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदला.

रुसली की गेली?

आता खरा प्रश्न. कारण ‘फ्लड झालीये हो, बाकी ए-वन’ असं सांगून खंगलेलं इंजिन विकणारेही आहेतच.

कान द्या. धडधाकट रोटरीला स्टार्टर मारला की एका लयीत ठोके ऐकू येतात, सारखे. फ्लड झालेली गाडी ठोक्यांशिवाय भराभर, गुळगुळीत फिरते. तेल दिल्यावर ठोके परत आले तर उत्तम. पण ठोके लंगडत असतील, दोन जोरात आणि एक गायब, तर सील गेल्याची शक्यता मोठी.

दुसरी खूण. फ्लडिंग बहुधा थंड इंजिनाचा आजार आहे. गाडी लांबून चालवून आणली, गरम असताना पेट्रोल पंपावर बंद केली आणि पुन्हा चालूच होईना, तर संशय कॉम्प्रेशनवर घ्या. आणि वारंवार फ्लड होणारी गाडीही काहीतरी सांगत असते : प्लग, कॉइल, बॅटरी, स्टार्टर किंवा सील. स्वस्तापासून सुरुवात करून एकेक तपासा.

पक्का निकाल हवा तर कॉम्प्रेशन टेस्ट. पण ती रोटरीसाठी बनवलेल्या टेस्टरनंच. साधा गेज तिन्ही कप्प्यांमधला सर्वांत चांगला आकडा दाखवून मोकळा होतो, आणि आजारी कप्पा त्यामागे लपतो. ही टेस्ट न करता, फोनवरून, ‘इंजिन बांधावं लागेल’ म्हणणाऱ्याला थँक्यू म्हणा आणि दुसरा नंबर फिरवा. टेस्ट न करता ‘इंजिन ए-वन’ म्हणणाऱ्या विक्रेत्यालाही तेच.

पथ्य मात्र अगदी सोपं. थंड रोटरी चालू केलीत तर तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवर येईपर्यंत बंद करायची नाही. दहा पावलं हलवायची असेल तर दोन रस्ते आहेत. ढकला, नाहीतर मस्त फेरी मारून या. मी असते तर काय केलं असतं, हे सांगायलाच हवं का?