गोष्ट बदला, आवाज ठेवा

8 एप्रिल 2020. टाळेबंदीला दोन आठवडे झाले होते आणि दूरदर्शनने जुनं कपाट उघडलं होतं. 28 मार्चला ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ परतलं, त्यामागून ‘शक्तिमान’ आला, आणि त्या बुधवारी दुपारी एक वाजता ‘जंगल बुक’ सुरू झालं. 1993 साली रविवारची सकाळ ज्या मोगलीसाठी राखून ठेवली जायची, तो सत्तावीस वर्षांनी परत आला तेव्हा त्याचे चाहते तिशी-पस्तिशी ओलांडून गेले होते. त्यांच्या आनंदातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. चित्रं किती छान, हे फारसं कुणी म्हणत नव्हतं. चित्रं तर आजच्या मानाने साधीच दिसतात. जो तो बोलत होता गुलजार आणि विशाल भारद्वाज यांच्या शीर्षकगीताविषयी आणि शेरखानला आवाज देणाऱ्या नाना पाटेकरांविषयी. माणसं कार्टून पाहायला नव्हे, ऐकायला बसली होती. जुनी ॲनिमेशन मालिका नव्याने आणणाऱ्या प्रत्येकाने या साध्या गोष्टीचा विचार करायला हवा, कारण चाहत्यांचा आनंद आणि चाहत्यांचा संताप, दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

मुळात ही मालिका आपली नव्हे. निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीने ती काढली, 1989 ते 90 या काळात ती जपानमध्ये दाखवली गेली, भाग एकूण बावन्न. कथा किपलिंगची, म्हणजे मुंबईत जन्मलेल्या इंग्रजाची, आणि जंगल मध्य प्रदेशातल्या शिवनीचं. यात भारतीय प्रेक्षकासाठी भारतात काय घडलं, तर ध्वनी. शीर्षकगीत इथे लिहिलं गेलं, चाल इथे लागली, एका लहान मुलाच्या गळ्यातून ते इथे गाऊन घेतलं गेलं. जपानी मुलांनी ते कधी ऐकलंही नाही. नानांचा तो घशातून येणारा, शब्द चावत बोलणारा शेरखान जपानी शेरखानची नक्कल नव्हता. आमच्या वारली पाड्यांवर वाघदेवाला शेंदूर लागतो, त्याच्यापुढे हात जोडले जातात. तिथल्या पोराला ‘वाघ दुष्ट आहे’ ही कल्पना पचवायची तर त्या दुष्टपणात दरारा हवा, आणि दरारा चित्रात नव्हता, आवाजात होता. म्हणून डबिंगला मूळ कलाकृतीवर चढवलेलं वेष्टण समजणं चूक आहे. भारतीय प्रेक्षकाच्या लेखी जपानी चित्र आणि हिंदी आवाज मिळून एक तिसरीच कलाकृती तयार झाली, आणि त्याचं प्रेम आहे ते तिच्यावर. डिस्नेला हे बरोबर कळलं होतं. 2016 साली त्यांचा नवा ‘जंगल बुक’ आला, तो आधीच्या मालिकेशी काडीचाही संबंध नसलेला अमेरिकी चित्रपट. तरी हिंदीत शेरखानसाठी पुन्हा नानांनाच बोलावलं गेलं आणि हिंदी प्रसिद्धीसाठी गुलजार-विशाल यांचं तेच गाणं नव्याने ध्वनिमुद्रित झालं. तोही भारतात 8 एप्रिललाच लागला, हा निव्वळ योगायोग.

उलट काय होतं, ते जानेवारी 2025 मध्ये दिसलं. युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला ‘रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स राम’ हा जपानी-भारतीय ॲनिमेशनपट 1993 च्या सुमाराचा. तो आपल्याकडे घराघरात पोचला दूरचित्रवाणीवरून, हिंदी रूपात: अरुण गोविल यांचा राम, अमरीश पुरींचा रावण, शत्रुघ्न सिन्हांचं निवेदन. चित्रांना नवी झळाळी देऊन तो 24 जानेवारीला देशभर चित्रपटगृहांत लागला, पण हिंदी आवाज नवे होते. झळाळी आलेल्या चित्रांचं कौतुक झालं आणि त्याच श्वासात ‘आमचा रावण कुठे आहे?’ असा प्रश्नही आला. यावर ठरलेलं उत्तर तयार असतं: ही बाळपणाची ओढ आहे, मोठ्या माणसांचा हट्ट आहे, नव्या पोरांना नवे आवाजच आवडतील. मला हे उत्तर उथळ वाटतं. चित्रावरचा ओरखडा पुसायला वितरक लाखो रुपये खर्च करतो, रंग मूळ होते तसेच यावेत म्हणून तज्ज्ञ बसवतो, आणि त्याच कलाकृतीतला अमरीश पुरींचा रावण मात्र बदलण्याजोगा सुटा भाग मानतो. जुनं चित्र जपणं याला संवर्धन म्हणायचं आणि जुना आवाज मागणं याला हट्ट, हा भेद कोणत्या न्यायाने?

चाहत्यांची बाजू घेताना एक आक्षेप टाळता येत नाही: चाहते कधी कधी टोकाचं वागतात. 2021 च्या जुलैमध्ये ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स : रेव्हलेशन’ आली. हा तोच ही-मॅन, जो एकेकाळी दूरदर्शनवरही यायचा. पहिल्याच भागात ही-मॅनचा अंत दाखवून टीला या नायिकेला पुढे आणल्याबरोबर जुन्या चाहत्यांनी आकाशपाताळ एक केलं. त्यातली बरीचशी टीका मालिका पुरती न पाहताच झाली होती आणि काही तर नायिका पुढे आली याच रागातून होती. त्या चाहत्यांशी मी सहमत नाही. गोष्ट कुणाच्या मालकीची नसते. नवा लेखक आला की त्याने ती नव्याने सांगावी, वाटल्यास नायकाला मारावं. रामकथाही गावोगाव अशीच बदलत आली. चाहत्याला कथेवर नकाराधिकार नाही. त्याला एवढंच मागता येतं, आणि तेवढं त्याने मागावंच, की जे एकदा घडलं होतं ते पुसू नका. हे दोन हक्क वेगळे आहेत, आणि ते वेगळे ठेवले की काय साधतं याचा दाखला मार्च 2024 मध्ये मिळाला. 1997 साली संपलेली ‘एक्स-मेन’ ॲनिमेशन मालिका ‘एक्स-मेन 97’ या नावाने जिथे थांबली होती तिथूनच सुरू झाली. वुल्व्हरीनचे कॅल डॉड, रोगच्या लेनोर झॅन, बीस्टचे जॉर्ज बुझा असे मूळ आवाज परत बोलावले गेले. कथेने मात्र कुणाची भीड ठेवली नाही. पाचव्या भागात चाहत्यांचा लाडका गॅम्बिट मेला. प्रेक्षक रडले, चिडले नाहीत. ओळखीच्या आवाजाने सांगितलेली वाईट बातमी माणूस ऐकून घेतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. माणसं म्हातारी होतात, जातात. अमरीश पुरी 2005 सालीच गेले. ‘एक्स-मेन’च्या सायक्लॉप्सला आवाज देणारे नॉर्म स्पेन्सर 2020 मध्ये गेले आणि नव्या मालिकेत ती जागा दुसऱ्या कलाकाराने घेतली. जपानमध्ये तर नोबुयो ओयामा यांनी 1979 पासून सव्वीस वर्षं डोरेमॉनला आवाज दिला, आणि 2005 साली त्यांच्यासह सगळा संचच बदलला गेला. तेव्हा नाराजी झाली, पण आज वासाबी मिझुता यांचा आवाज हाच डोरेमॉन मानणारी एक अख्खी पिढी तिथे आहे. मग हट्ट कशाला? इथे नव्या भागांची आणि जुन्या भागांची गल्लत होते. नव्याने काढलेल्या मालिकेला नवे आवाज लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण जुनीच कलाकृती पुन्हा दाखवत असाल तर ती जशी होती तशी दाखवता आली पाहिजे. नवा आवाज शेजारी ठेवा, निवड प्रेक्षकावर सोडा. आजच्या तंत्रात एका चित्रासोबत पाच भाषांचे ध्वनी जातात, तिथे सहावा जुना हिंदी ध्वनी जाऊ शकत नाही, हे पटत नाही. जुन्या ध्वनीची प्रत खराब असेल, कुणाकडे असेल याचा पत्ता नसेल, हक्क कुणाचे यावर वाद असेल. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या अडचणी तयार होतात त्या डबिंगला मुळातच जपण्याजोगं न मानल्यामुळे. बीबीसीने साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या फिती पुसून टाकल्या आणि नव्वदहून अधिक भागांची चित्रं गेली. आवाज मात्र सगळ्या भागांचे उरले, कारण काही चाहत्यांनी घरच्या रेकॉर्डरवर ते टिपून ठेवले होते. त्याच आवाजांवर पुढे नवी ॲनिमेशन चित्रं बेतून हरवलेले भाग परत उभे केले गेले. ज्या संस्थेचं काम जपणं होतं तिने पुसलं आणि ज्यांना आपण वेडे चाहते म्हणतो त्यांनी वाचवलं.

हल्ली यावर एक सोपा उतारा सुचवला जातो: कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तोच आवाज बनवून घ्या. मला हा उतारा रोगापेक्षा वाईट वाटतो. आवाज हा यंत्राला पुरवायचा कच्चा माल नाही, तो एका माणसाच्या कमाईचा आणि ओळखीचा भाग आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची परवानगीशिवाय यांत्रिक नक्कल करण्याला मनाई केली ती याच विचाराने. प्रख्यात गायक न्यायालयात जाऊ शकतो. कार्टूनमधल्या पोपटाला आवाज देणारी बाई कुठे जाणार? तिचं तर नावही पडद्यावर येत नाही. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याला स्वतःच्या सादरीकरणासोबत आपलं नाव मागण्याचा हक्क आहे. माझ्या मते डबिंग कलाकार त्यात धरलाच पाहिजे. मालिका पुन्हा दाखवताना शेवटी दहा सेकंदांची नामावली चालवणं हा काही कुणाच्या खिशाला जड जाणारा खर्च नव्हे.

नामावली चालली असती तर आपल्याला एक मजेशीर गोष्टही कळली असती. ‘निंजा हातोरी’ ही फुजिको फुजियो ए यांच्या चित्रकथेवरची जपानी मालिका 1981 ते 87 या काळातली. जपानमध्ये ती कधीच संपली होती. निक वाहिनीवर हिंदीत आली आणि भारतीय मुलांनी ती इतकी डोक्यावर घेतली की 2012 साली शिन-एई या जपानी कंपनीने रिलायन्स मीडियावर्क्सला सोबत घेऊन नवे भाग काढले, आणि ते जपानआधी भारतात दिसले. जपानी मालिकेचं पुनरुज्जीवन भारतीय मुलांमुळे झालं, आणि त्या मुलांना हातोरी भेटला तो हिंदी आवाजात. तो आवाज मेघना एरंडे यांचा, एका मराठी अभिनेत्रीचा.

इथे प्रश्न आपल्या दारात येतो. दादरा-नगर हवेलीत, सिल्वासाच्या किलवणी नाक्यावर संध्याकाळी अर्धा तास उभं राहिलं तर वारली, गुजराती, मराठी, हिंदी, भोजपुरी, उडिया असं सगळं कानावर पडतं. या प्रदेशात मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा शेजारी शेजारी चालतात, आणि या चारही शाळांतल्या पोरांना एकत्र बांधणारं काही असेल तर ते हिंदीतलं कार्टून आहे. म्हणून हिंदी डबिंग जपण्याचा आग्रह मराठी वृत्तपत्रात धरताना मला संकोच वाटत नाही. ते आपल्याही मुलांच्या आठवणींचा भाग आहे. पण संकोच वाटायला हवा तो पुढच्या गोष्टीचा. 2016 चा ‘जंगल बुक’ भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत आला. जानेवारी 2025 मधलं ‘रामायण’ याच चार भाषांत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तरुणांनी गर्दी केलेला ‘डेमन स्लेयर : इन्फिनिटी कासल’ मूळ जपानीसोबत पुन्हा याच चार भाषांत. मराठी एकाही वेळी नाही. वितरक म्हणतात, मराठी माणसाला हिंदी समजतं, मग दुप्पट खर्च का करायचा? व्यवहार म्हणून हे खरं आहे, आणि आजचा खर्च आजच्या तिकिटांतून भरून निघणार नाही, हेही मान्य. पण ॲनिमेशनचा हिशेब एका शुक्रवारचा नसतो. 1993 मध्ये केलेलं डबिंग 2020 मध्ये लोकांना पुन्हा दूरदर्शनपुढे बसवतं. तमिळ मुलाला वीस वर्षांनी त्याच्या भाषेतला योद्धा परत मागता येईल; मराठी मुलाला मागता येणार नाही, कारण त्याच्या भाषेत तो योद्धा कधी बोललाच नाही. वारलीचं तर नावही या यादीत कुणी काढत नाही.

तेव्हा मागणी करायची तर ती वितरणाचा करार होतो तेव्हाच करावी लागेल. जुनी मालिका परत आणताना आधीच्या भारतीय ध्वनीची प्रत शोधणं आणि ती सोबत देणं बंधनकारक हवं, आवाज देणाऱ्यांची नावं पडद्यावर हवीत, आणि महाराष्ट्रात प्रदर्शित होणाऱ्या मुलांच्या चित्रपटांच्या मराठी ध्वनीला राज्याने अनुदानात जागा द्यावी. मराठी चित्रपटांना अनुदान देण्याची व्यवस्था राज्याकडे आहेच, तिची व्याख्या थोडी रुंद करायची आहे. देशातलं हिंदी डबिंग मोठ्या प्रमाणावर होतं मुंबईत, आणि त्या माईकसमोर उभे राहणारे किती तरी गळे घरी मराठीच बोलतात.