जुन्या महाविद्यालयांचे नूतनीकरण : चिऱ्याच्या भिंतींना सिमेंटचे ओझे

राजापूर (प्रतिनिधी) - कौले उतरवून स्लॅब टाकायचा, चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट लावायचे आणि दर्शनी भागाला नवा रंग द्यायचा, असा कोकणातील जुन्या शैक्षणिक इमारतींच्या नूतनीकरणाचा प्रघात पडला आहे. अशा कामांवर लाखो रुपये खर्च होतात. तरीही काही पावसाळे उलटले, की भिंतींना पुन्हा ओल येते. इमारत जुनी झाली, असे म्हणून तिला दोष दिला जातो. प्रत्यक्षात बिघाडाचे कारण अनेकदा दुरुस्तीच्या पद्धतीतच दडलेले असते.

अर्जुना आणि कोदवली नद्यांच्या काठी वसलेल्या राजापुरात जुने बांधकाम मुख्यतः जांभ्या दगडाचे, म्हणजेच चिऱ्याचे आहे. चिरा सच्छिद्र असतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या पावसात चिरा पाणी शोषतो आणि उघडीप मिळताच ते बाहेर सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून ही वाफ सहज निघून जाते. सिमेंटचा घट्ट थर मात्र तिची वाट अडवतो. ओल भिंतीतच कोंडली जाते, क्षार साचतात, गिलाव्याला फुगे येतात आणि भिंतीत टेकलेली वाशांची टोके कुजू लागतात. वरचा रंग ताजा दिसत असला, तरी आतील लाकूड वाळवीच्या तोंडी गेलेले असते.

कौले का उतरतात?

संस्थाचालकांची अडचणही खोटी नाही. पूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर शाकारणी होत असे. कौले चाळून फुटकी बदलली जात, रिपा तपासल्या जात. आज हे काम जाणणारे कारागीर कमी झाले आहेत. माकडांच्या उपद्रवाने कौले वारंवार फुटतात. चांगले लाकूड महाग झाले आहे. अशा स्थितीत स्लॅब हा कायमचा उपाय वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हलक्या छपरासाठी बांधलेल्या भिंतींवर स्लॅबचे वजन येते, तेव्हा पायाची आणि भिंतींची ताकद आधी तपासावी लागते. कोकणात गळक्या स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड उभारण्याची वेळ अनेकांवर येते, हेही विसरता येणार नाही.

पैसा आणि त्याची शिस्त

अनुदानित महाविद्यालयांना शासनाकडून वेतन अनुदान मिळते. इमारतीचा भार मात्र मुख्यतः संस्थेवर असतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'रूसा' अर्थात राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानात नवे बांधकाम आणि उपकरणे यांच्याबरोबर नूतनीकरणालाही स्थान होते. २०२३ मध्ये या अभियानाची जागा 'पीएम-उषा'ने घेतली. अनुदान ठरावीक मुदतीत खर्च करावे लागते, हिशेब वेळेवर द्यावा लागतो. साहजिकच लवकर उरकणाऱ्या आणि मोजमाप पुस्तकात सहज बसणाऱ्या कामांकडे कल झुकतो. चुना भिजवून मुरवणे, सबंध वासा न बदलता त्याचे कुजलेले टोक तेवढे जोडणे, ही कामे निविदेच्या चौकटीत अवघडून बसतात. दरवर्षीच्या डागडुजीची तरतूद मात्र अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापली जाते.

दोन उदाहरणे

रत्नागिरीतील थिबा राजवाडा या दृष्टीने बोलका आहे. ब्रिटिशांनी ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून नजरकैदेत ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला हा वाडा १९१० मध्ये पूर्ण झाला. स्वातंत्र्योत्तर काळात अनेक वर्षे तेथे शासकीय तंत्रनिकेतनाचे वर्ग भरले. नंतर वास्तू राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे गेली आणि तेथे संग्रहालय आले. वास्तूला संरक्षण मिळाले. पण वर्ग भरत असतानाच तिचे जतन कसे करायचे, हा प्रश्न तेथे सुटला नाही, तो बाजूला पडला. राजापूरसारख्या गावातील संस्थांना वर्ग अन्यत्र हलवण्याची चैन परवडणारी नाही.

दुसरे उदाहरण मुंबई विद्यापीठाचे. राजापूरची महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभारलेला राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. टॉवर आणि त्याला जोडलेल्या ग्रंथालयाचे जतनकाम २०१५ मध्ये संपले. दगडी नक्षी आणि रंगीत काचा तज्ज्ञांच्या हातून दुरुस्त झाल्या. 'टीसीएस'ने आर्थिक पाठबळ दिले. २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत या कामाची नोंद झाली. एवढा निधी तालुक्याच्या गावी येणार नाही, हे उघड आहे. परंतु आधी तपासणी, मग मूळ साहित्याशी जुळणारी दुरुस्ती, हा क्रम पाळायला मोठ्या उद्योगसमूहाची गरज लागत नाही.

निर्णय कशावर व्हावा?

जुनी इमारत म्हणजे धोकादायक इमारत, हे समीकरण जितके चुकीचे, तितकाच जुने ते सारे टिकवण्याचा हट्टही चुकीचा. त्या छपराखाली विद्यार्थी बसतात. जी भिंत खरोखर खचली आहे, ती उतरवलीच पाहिजे. मात्र तो निर्णय इमारतीचे वय पाहून किंवा 'नॅक' समितीच्या भेटीची तारीख पाहून होऊ नये. चिरा आणि लाकूड यांची जाण असलेल्या अभियंत्याची पाहणी, दुरुस्त्यांची लेखी नोंदवही आणि दरवर्षी शाकारणीसाठी राखीव रक्कम, या तीन गोष्टी बहुतेक संस्थांच्या आवाक्यातील आहेत. जिल्ह्यातील तंत्रनिकेतने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी चुनाकाम व कौलारू छपराचे अल्प मुदतीचे वर्ग घेतले, तर कारागिरांची उणीवही काही अंशी भरून निघेल.

अन्यथा देणगीदारांच्या पैशातून आज होणारे नूतनीकरण पुढच्या विश्वस्तांपुढे पाडकामाचा प्रस्ताव होऊन येईल. तेव्हा खर्च दुप्पट होईल आणि नव्या खोल्या मिळेपर्यंत वर्ग मंडपात भरवावे लागतील. त्याची झळ सर्वाधिक बसेल ती विद्यार्थ्यांनाच.