सहा महिन्यांत पायलट? जाहिरातीपलीकडचा हिशेब

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. विमानतळांवर सामानावर बसून राहिलेले प्रवासी आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. वैमानिकांच्या ड्यूटी आणि विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते आणि त्या हिशेबाने वैमानिकांची तजवीज झालेली नव्हती. त्यानंतर 'देशात पायलट कमी आहेत' हे वाक्य घराघरात पोहोचले. त्याआधी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवलीच होती. म्हणजे गरज खरी आहे. पण याच गरजेच्या जोरावर 'काही महिन्यांत पायलट बना' असे सांगणाऱ्या जाहिराती मोबाईलवर फिरतात आणि बारावीच्या निकालानंतर पालक आम्हा शिक्षकांना विचारतात, "सर, पोराला जलद कोर्सला टाकू की हळूहळू शिकू देऊ?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे घराची सगळी जमापुंजी असते. कमर्शियल पायलट लायसन्सचा खर्च आज साधारण पन्नास लाखांच्या घरात जातो. पुढे एखाद्या ठराविक जातीचे विमान चालवण्याचे प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, त्याचे पैसे वेगळे. कुणी शेत विकतो, कुणी राहते घर तारण ठेवतो. म्हणून हा विषय भावनेवर सोडण्यासारखा नाही.

तास तेवढेच, दिवस वेगळे

आधी नियम समजून घेऊ. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, हे लायसन्स देते. वय किमान १८, उड्डाणाचे किमान २०० तास, त्यातले १०० तास स्वतः कॅप्टन म्हणून. लांब पल्ल्याचे, रात्रीचे आणि फक्त उपकरणांकडे पाहून केलेले उड्डाण यांचे तास वेगळे ठरवून दिलेले आहेत. शिवाय दिशाशोधन, हवामान, नियम, तांत्रिक ज्ञान यांचे लेखी पेपर असतात. पास व्हायला ७० टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याची परीक्षा निराळी.

जलद कोर्सवाल्याला यातले काहीही माफ नसते. फरक असतो तो दोन उड्डाणांमधल्या दिवसांचा. जलद कोर्समध्ये मुलगा वसतिगृहात राहतो, जवळपास रोज उडतो आणि उरलेल्या वेळात वर्ग करतो. संथ पद्धतीत माणूस नोकरी किंवा कॉलेज सांभाळून आठवड्यातून एकदा, कधी महिन्यातून दोनदा उडतो आणि जमेल तसे पैसे भरतो. अमेरिकेत अशा रीतीने फ्लाइंग क्लबात शिकणारे पुष्कळ आहेत.

आमच्या पेशाच्या नजरेतून पाहिले तर दोन्हीकडे थोडे थोडे सत्य आहे. हाताचे हुनर सवयीने बसते. विमान धावपट्टीवर उतरवताना नाक कधी उचलायचे, वारा बाजूने असेल तर पेडल किती दाबायचे, हे पुस्तकाने येत नाही. मध्ये तीन आठवडे गेले की हात विसरतो, पुढचा धडा मागची उजळणी करण्यातच संपतो आणि त्या तासाचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. म्हणून संथ शिक्षण स्वस्त दिसते, पण एकूण बेरीज बहुधा जास्त होते.

उलट बाजूही आहे. घोकंपट्टी करून पेपर लिहिणारी मुले आम्ही रोज पाहतो. परीक्षेपर्यंत सगळे पाठ असते, महिन्याने कोरी पाटी. थांबून थांबून केलेला अभ्यास मनात जास्त टिकतो, हे शिक्षणशास्त्रात फार पूर्वीपासून मान्य आहे. हवामान आणि नियम यांसारखे विषय पचायला वेळ लागतो. शिवाय ज्याने आपले बहुतेक तास जानेवारी ते मार्च या स्वच्छ आकाशात पुरे केले, त्याने वळवाचे ढग आणि जूनचा वारा पाहिलेलाच नसतो. लॉगबुकात तास भरलेले दिसतात, पण अनुभव एकाच ऋतूचा असतो.

इतिहास काय सांगतो

जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ मध्ये मुंबईत उड्डाण शिकायला सुरुवात केली आणि काही आठवड्यांतच, १० फेब्रुवारीला, भारतात दिलेले पहिले लायसन्स मिळवले. हे उदाहरण पुष्कळदा दिले जाते. पण ते छोटे विमान होते, आकाश मोकळे होते आणि मागे प्रवासी बसलेले नव्हते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटनला घाईने वैमानिक हवे होते. शिकतानाच कितीतरी तरुण मेले. १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी गॉस्पोर्ट येथे शिकवण्याची पद्धतच बदलली. दोघांकडे कंट्रोल असलेले विमान, उडताना बोलण्यासाठी नळी, आणि ज्या स्थितीची भीती वाटते ती टाळण्याऐवजी इन्स्ट्रक्टरबरोबर तिच्यात शिरून बाहेर पडण्याचा सराव. घाई तीच राहिली, पण शिकवणे सुधारले आणि वैमानिक चांगले तयार होऊ लागले.

दुसरे उदाहरण अलीकडचे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोल्गन एअरचे विमान कोसळले. ५० माणसे गेली. विमानाचा वेग फार कमी झाल्याचा इशारा मिळताच नाक खाली करायचे असते. कॅप्टनने ते वर खेचले. त्यानंतर कायदा बदलला आणि तिथे प्रवासी विमानात बसण्यासाठी साधारणपणे १५०० तासांची अट आली. पण त्या विमानातल्या दोन्ही वैमानिकांचे तास १५०० हून जास्त होते. म्हणजे नुसते तास मोजूनही भागत नाही. ऐन वेळी हात बरोबर काम करेल इतके पक्के शिकवले गेले की नाही, हा खरा प्रश्न.

आपल्याकडची खरी अडचण

आपल्याकडे 'जलद की संथ' ही निवड बऱ्याचदा विद्यार्थ्याच्या हातात उरतच नाही. नाव जलद कोर्सचे असते, आणि प्रत्यक्षात मुलगा महिनोन्‌महिने वसतिगृहात वाट पाहत बसतो. विमाने दुरुस्तीला गेलेली, इन्स्ट्रक्टर सोडून गेलेले, विद्यार्थी जास्त घेतलेले. महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने उड्डाण कमी होते. उत्तरेत हिवाळ्याचे धुके. वर्षाचा कोर्स दोन-अडीच वर्षांवर जातो, वसतिगृहाचे भाडे चालू राहते आणि कर्जाचे हप्तेही. संथपणाचे सगळे तोटे पदरात पडतात आणि पैसे जलद कोर्सचे भरलेले असतात.

मग एक दिवस विमाने मिळतात आणि राहिलेले तास भराभर उरकले जातात. ही घाई सर्वात वाईट. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीत चार दिवसांत एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले. संस्थेवर कारवाई झाली की आत शिकणाऱ्या मुलांचेही उड्डाण बंद होते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. २०२५ पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलची क्रमवारी जाहीर करू लागले आहे. पहिल्या यादीत सर्वात वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. ही यादी सर्वांसाठी खुली आहे. जाहिरातीआधी ती पाहावी.

पैशाअभावी अडलेल्या वाटेचे उदाहरण आपल्या ओळखीचे आहे. हैदराबादची सय्यदा सलवा फातिमा ही बेकरीत काम करणाऱ्या वडिलांची मुलगी. तिने लायसन्स मिळवले, पण पुढच्या प्रशिक्षणाला पैसे नव्हते आणि तेलंगणा सरकारने मदत दिली तेव्हा गाडी पुढे सरकली. तिची मेहनत मोठीच. पण लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे, हेही तिच्या प्रवासात दिसते.

मग करावे काय?

आमचे मत असे: जमिनीवर सावकाश, आकाशात सलग.

पहिले काम मेडिकल. डीजीसीएची क्लास २ आणि क्लास १ तपासणी फी भरण्याआधी करून घ्यावी. डोळ्यांत रंग ओळखण्याचा दोष निघाला तर तो पन्नास हजार भरण्याआधी कळलेला बरा, पन्नास लाख भरल्यावर नव्हे.

दुसरे काम लेखी पेपर. यासाठी विमान लागत नाही. मुलगा किंवा मुलगी घरी राहून, बी.एस्सी. करत, वर्ष-दीड वर्ष घेऊन हे पेपर सुटे करू शकते. इथे सब्र कामी येतो. या काळात आपल्या लेकराला खरोखर आवड आहे की नुसती गणवेशाची हौस, हेही कळते आणि नुकसान थोडक्यात राहते.

तिसरे काम उड्डाण. ते सुरू करायचे ते पूर्ण रक्कम हाताशी असताना, आणि मग मध्ये खंड पडू द्यायचा नाही. १२० तासांवर पैसे संपणे ही सगळ्यात वाईट अवस्था. ठरलेल्या तासांपेक्षा काही तास जास्त लागतील असे धरूनच बजेट करावे. पहिल्या सोलो उड्डाणाला कुणाला पंधरा तास लागतात, कुणाला तीस. त्यात अब्रूचा प्रश्न नाही. इन्स्ट्रक्टर "अजून थांब" म्हणाला तर घरून फोन करून घाई लावू नये.

फ्लाइंग स्कूलला तोंडावर विचारावे: आज उडण्यासारखी विमाने किती? इन्स्ट्रक्टर किती, विद्यार्थी किती? मागच्या बॅचला प्रत्यक्षात किती महिने लागले? फी टप्प्याटप्प्याने घेणार का? सोडावे लागले तर किती परत देणार, ते लिहून द्याल का? मग वसतिगृहात जाऊन मुलांशी बोलावे. खरी माहिती कार्यालयात कमी आणि मेसमध्ये जास्त मिळते.

परदेशात लवकर होते म्हणून जाणाऱ्यांनीही परतल्यावर इथल्या परीक्षा, मेडिकल आणि लायसन्स बदलून घेण्याचा काळ मोजावा. मग घाईतून वाचलेले महिने किती उरतात ते पाहावे.

आपल्या मुलामुलींनी कॉकपिटमध्ये बसावे असे आम्हालाही मनापासून वाटते. अमरावतीत एअर इंडियाचे प्रशिक्षण केंद्र उभे राहत आहे, म्हणजे संधी घराच्या जवळ येत आहे. मोबाईलवरची जाहिरात पाहून तडकाफडकी पैसे भरण्यापेक्षा या महिन्यात मेडिकलची तारीख घ्या. उरलेला निर्णय त्या कागदानंतर.