फणस मटण होत नाही, आणि त्याची गरजही नाही



उपवासकाळ सुरू झाला की आमच्या बेळगाव-खानापूरच्या बाजारात कोवळे फणस, म्हणजे कुयऱ्या, येऊ लागतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मांस न खाणारी कितीतरी घरे आपल्या धर्मग्रामात आहेत. त्या घरांत आठवड्यातून एकदा तरी कुयरीची भाजी होतेच. अलीकडे फणसाची बिर्याणी, फणसाचा खिमा, फणसाचे कबाबही होतात. सोबत मोबाइलवर एक निरोप फिरतो: फणस म्हणजे झाडावरचे मटण, ताकद तेवढीच, पाप शून्य.

या निरोपातली दोन्ही विधाने चुकीची आहेत. ताकद तेवढीच नाही आणि मटण खाणे हे पाप नाही. हे नीट समजून घेतले नाही, तर उपवासही बिघडतो आणि काहींची तब्येतही.

आधी ताकदीचे पाहू. शंभर ग्रॅम शिजवलेल्या बोकडाच्या मटणात सुमारे २७ ग्रॅम प्रथिने असतात. शंभर ग्रॅम कोवळ्या फणसात ती अडीच ग्रॅमच्या आसपास असतात आणि पिकलेल्या गऱ्यांत त्याहूनही कमी, पावणेदोन ग्रॅमच्या जवळ. म्हणजे प्रथिनांपुरते बोलायचे तर एक वाटी मटणाची बरोबरी करायला दहा वाट्या भाजी खावी लागेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाचा हिशेब ५० ग्रॅम होतो. नुसत्या फणसावर तो भरणार नाही.

लोहाचेही तसेच. मटणात शंभर ग्रॅममागे तीन ते चार मिलिग्रॅम लोह असते आणि ते शरीरात सहज शोषले जाते. गऱ्यांत ते पाव मिलिग्रॅमही नसते. ब-१२ हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळते. फणसात ते नाही, कुठल्याच फळात नाही.

मग फणस कमी प्रतीचा म्हणायचा का? अजिबात नाही. मटणात तंतू अजिबात नसतात, फणसात असतात. मटणात क जीवनसत्त्व जवळजवळ नाही, फणसात आहे. पोटॅशियम फणसात भरपूर आहे. कोवळ्या फणसात उष्मांक थोडे आणि चरबी नावापुरती. आठळ्या तर आपण फेकून देतो, पण त्यांत शंभर ग्रॅममागे सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. निखाऱ्यात भाजलेल्या किंवा आमटीत टाकलेल्या आठळ्यांवर आपल्या आजी-पणजीने पावसाळे काढले, ते उगीच नव्हे.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. डाळी, पालेभाज्या यांतले लोह शरीरात सहजी शोषले जात नाही, पण जोडीला क जीवनसत्त्व असले की ते जास्त शोषले जाते. म्हणजे फळाचे काम वेगळे आणि मांसाचे काम वेगळे. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीराच्या अवयवांची गोष्ट सांगितली आहे. डोळा हाताला म्हणू शकत नाही की मला तुझी गरज नाही. आपल्या ताटातही तेच आहे. फणसाला मटण म्हणून मान देण्याचे कारण नाही. देवाने त्याला फणस म्हणून निर्माण केले, तेवढा मान पुरे आहे.

आता दुसरे विधान, पाप शून्य. हे जास्त धोक्याचे आहे, कारण मांस खाणारा कमी पवित्र, न खाणारा जास्त पवित्र, हा विचार आजूबाजूच्या समाजातून हळूच आपल्या घरात शिरतो. जात आणि ताट यांची सांगड आपल्या देशात जुनी आहे. ख्रिस्ती माणसाने ती चर्चच्या दारातून आत आणू नये. पवित्र शास्त्र काय सांगते? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला झाडांची फळे अन्न म्हणून देतो आणि जलप्रलयानंतर नवव्या अध्यायात प्राण्यांचे मांसही देतो. एलियाला ओढ्याकाठी कावळे भाकर आणि मांस आणून देत. पुनरुत्थित प्रभूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला.

शाकाहाराच्या बाजूने दानीएलाचा दाखला नेहमी दिला जातो. दहा दिवस भाजीपाला आणि पाणी घेऊन दानीएल आणि त्याचे सोबती इतरांपेक्षा टवटवीत दिसले, हे खरे. पण पहिला अध्याय आहार शिकवण्यासाठी लिहिलेला नाही. राजाच्या ताटातले खाऊन स्वतःला विटाळायचे नाही, हा त्यांचा निश्चय होता आणि देवाने त्या निष्ठेची लाज राखली. त्याच पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात दानीएल शोकाच्या तीन आठवड्यांत मांस आणि द्राक्षारस घेत नाही. म्हणजे एरवी तो घेत असणार. तो जे सोडतो ते वाईट म्हणून सोडत नाही. चांगले आहे, आवडते आहे, म्हणूनच देवासाठी सोडतो.

मांसवर्ज्याचा अर्थ इथेच आहे. ख्रिस्तसभा शुक्रवारी मांस टाळायला सांगते ते मांस अशुद्ध आहे म्हणून नव्हे. शुक्रवारी प्रभूने आपला देह क्रुसावर दिला. त्या दिवशी आपणही एक आवडीची गोष्ट बाजूला ठेवतो. मांस अपवित्र असते तर ते सोडण्यात अर्पण कसले? कचरा कोणी वेदीवर वाहत नाही.

म्हणून मला वाटते, कुयरीला गरम मसाला लावून, तासभर शिजवून, अगदी मटणासारखी लागते म्हणून खुश होणे, यात आपण स्वतःलाच फसवतो. फणसाची बिर्याणी करू नये असे मी म्हणत नाही. वाढदिवसाला जरूर करा. पण शुक्रवारच्या ताटात थोडी उणीव जाणवली पाहिजे. ती जाणवली की आपण प्रभूकडे वळतो. मटण वर्ज्य म्हणून पापलेट आणि सुरमईची मेजवानी करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मासा चालतो, नियम मोडत नाही, पण उपवासाचा हेतू मागच्या दाराने निघून जातो.

आता तब्येतीविषयी. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे मांसवर्ज्याचा नियम वयाची १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवसांचा उपवास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत आहे. आजारी माणसे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना सूट देण्याची परंपरा आहे. तरीही काही घरांत पाचवीतल्या मुलाच्या ताटातून चाळीस दिवस अंडेसुद्धा जाते. अंडी आणि दूध तर शुक्रवारीही वर्ज्य नाहीत. क्षयाची औषधे घेणाऱ्या माणसाला, नुकत्याच बाळंत झालेल्या सुनेला, 'फणस खा, तो मटणासारखाच' असे सांगून त्यांच्या ताटातली प्रथिने काढून घेणे ही भक्ती नव्हे. वडीलधाऱ्यांनी हे मनावर घ्यावे. आजारी माणसाने डॉक्टरांनी सांगितलेले खाल्ले तर तो पाप करत नाही. घरच्यांनी त्याला टोमणे मारले तर मात्र ते विचार करण्यासारखे आहे. संत पौल रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात हेच समजावतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये.

जे निरोगी आहेत आणि मांस सोडतात, त्यांनी ताट शहाणपणाने भरावे. आपल्याकडे कुयरीच्या भाजीत पावटे किंवा शेंगदाणे घालतात. ही रीत चालू ठेवा. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅममागे २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, शेंगदाण्यात २५ च्या आसपास. जोडीला ताक घ्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी फणस डॉक्टरांना विचारूनच खावा, कारण त्यातले पोटॅशियम त्यांना त्रास देऊ शकते. मधुमेह असलेल्यांनी गऱ्यांवर हात आवरता घ्यावा.

आणि शेवटी पैशांचा हिशेब, कारण त्याशिवाय उपवास अर्धाच राहतो. दुसऱ्या शतकातल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथात उपवासाची रीत सांगितली आहे: त्या दिवशी भाकरी आणि पाणी घ्यावे, एरवी जे खाल्ले असते त्याची किंमत काढावी आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. यशयाच्या ५८ व्या अध्यायातही देवाला आवडणारा उपवास म्हणजे आपली भाकर भुकेल्याबरोबर वाटून घेणे, असेच शिकवले आहे.

आपला हिशेब सोपा आहे. उपवासकाळात सहा रविवार येतात. रविवारी अर्धा किलो मटण आणणारे घर ते सोडते, तेव्हा तीन किलो मटण वाचते. किलोला सातशे रुपये धरले तर २,१०० रुपये झाले. त्यातून कुयरी आणि डाळीचे काढले तरी बरेच उरतात. ते कुठे गेले, हा प्रश्न प्रत्येक घराने ईस्टरच्या आधी स्वतःला विचारावा.

ते कुठे जाऊ शकतात, हेही सांगतो. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना महिन्याचा शिधा देऊन मोठा अभ्यास झाला आणि २०२३ मध्ये तो लॅन्सेट या नियतकालिकात छापून आला. पोटभर पौष्टिक अन्न मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. त्या शिध्यात मटण नव्हते. डाळ, तांदूळ अशा साध्याच वस्तू होत्या. सरकार क्षयरोग्याला आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये देते, पण घरातल्या बाकीच्या तोंडांचे काय? आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या हद्दीत असे एखादे तरी घर असते, ख्रिस्ती असो वा नसो. आपण सोडलेल्या मटणातून त्या घरात डाळ, अंडी, शेंगदाणे पोहोचले, तर आपल्या ताटातली उणीव कोणाच्या तरी अंगी लागली असे होईल.

यंदा कुयरी जरूर आणा. ती मटणासारखी लागली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. उरलेले पैसे एका डब्यात टाका. गुड फ्रायडेला क्रुसाची वाट झाल्यावर तो डबा उघडा आणि फादरांना किंवा आपल्या वाड्यातल्या प्रमुखांना विचारून तो योग्य घरी पोहोचवा.

प्रभू येशू आपल्या उपवासाचा स्वीकार करो आणि आपल्या सर्वांच्या ताटांना आशीर्वाद देवो. आमेन.