गंधर्वांनी चोरलेली कोकरे

जीवशास्त्राच्या तासाला वर्गात एकच जागा रिकामी असते. गावात नवी आलेली मुलगी तिथे जाऊन बसते आणि शेजारचा देखणा मुलगा मुठी आवळून, श्वास रोखून खुर्चीच्या पार टोकाला सरकतो. तिच्या रक्ताचा वास त्याला सोसवत नाही. कारण तो माणूस नाहीच. १९१८ पासून सतराच वर्षांचा राहिलेला रक्तपिपासू आहे. स्टेफनी मेयर यांच्या 'ट्वायलाइट' (२००५) या कादंबरीतला हा प्रसंग. त्यानंतर अशा प्रेमकथांचा पूरच आला. कुठे रक्तपिपासू आणि माणूस, कुठे परी आणि शिकारी, कुठे परग्रहावरचा राजपुत्र. दोन जगे, मध्ये ओलांडू नये अशी रेषा आणि ती ओलांडायला निघालेले दोघे, हा साचा मात्र ठरलेला.

या कथांना नाक मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. एका रात्रीत पाचशे पाने वाचायला लावणे सोपे नसते. आमची हरकत एवढीच, की मधली रेषा कोणी आखली हे यातल्या बहुतेक कथा विचारत नाहीत. रक्तपिपासू आणि माणूस यांच्यातले अंतर शरीरातच असते. मग दोष द्यायचा कोणाला? पुढे कायद्याची भाषा बोलणारे काही बडे रक्तपिपासू येतात, पण मूळ अडचण रक्तातलीच राहते. ती सुटते कशी, तर चौथ्या भागात (२००८) नायिका स्वतःच रक्तपिपासू होते. रेषा जागच्या जागी. मुलगी तेवढी सासरच्या जातीत गेली!

'जात' हा शब्द इथे गमतीने वापरलेला नाही. मराठीत आंब्याची जात असते, गाईची जात असते, आणि माणसाचीही जातच असते. हापूस आणि पायरी यांच्यातला फरक झाडानेच केलेला आहे. तोच शब्द माणसाला लावला, की वरची आळी आणि खालची आळी हाही झाडाचाच निर्णय वाटू लागतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'जातिसंहारा'च्या न झालेल्या भाषणात नेमके इथेच बोट ठेवले होते. जात म्हणजे विटांची भिंत नव्हे, ती मनातली धारणा आहे. आणि तिच्यावर खरा उतारा आंतरजातीय विवाह, असे त्यांनी मांडले. भाषण छापून तयार होते. निमंत्रण देणाऱ्या लाहोरच्या मंडळाला ते पेलले नाही.

'आमची जगेच वेगळी' हा युक्तिवाद फक्त कादंबरीकार करतात असेही नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात १९५८ च्या जुलैत पोलीस रात्री एका जोडप्याच्या निजायच्या खोलीत शिरले. रिचर्ड लव्हिंग गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय. लग्नाचा दाखला भिंतीवर टांगलेला होता, तो तिने दाखवला. तो इथे चालत नाही, असे उत्तर मिळाले. पुढच्या वर्षी न्यायाधीशाने एक वर्षाची कैद सुनावली आणि पंचवीस वर्षे राज्याबाहेर राहणार असाल तर ती स्थगित, अशी सवलतही दिली. आणि पुढे त्याचे कारण काय दिले? देवाने निरनिराळे वंश निरनिराळ्या खंडांवर ठेवले, त्याअर्थी त्यांनी मिसळू नये अशीच त्याची इच्छा असणार! ही कल्पित कथा न्यायालयाच्या शिक्क्यासह दप्तरी दाखल झाली. ती खोडायला सर्वोच्च न्यायालयाचा १२ जून १९६७ चा निकाल यावा लागला.

पुढच्याच वर्षी 'स्टार ट्रेक' या मालिकेत गोरा कप्तान आणि त्याची कृष्णवर्णीय सहकारी यांचे चुंबन दाखवले गेले. पण कसे? परग्रहावरचे लोक मनःशक्तीने दोघांना बाहुल्यांसारखे नाचवतात, म्हणून! दोन माणसे आपखुशीने जवळ येतात, हे दाखवण्यापेक्षा परग्रहवासी आणणे सोपे होते.

कल्पनेचा उपयोग अशी पळवाट म्हणून होतो, तसा आरसा म्हणूनही होतो. ब्रिटिश लेखिका मॅलरी ब्लॅकमन यांची 'नॉट्स अँड क्रॉसेस' (२००१) पाहा. तिच्यात रक्तपिपासू नाहीत, जादू नाही. जग आपलेच आहे, फक्त सत्ता काळ्यांच्या हाती आहे आणि गोरे त्यांचे ताबेदार. एका प्रसंगात एका गोऱ्या मुलीच्या कपाळावर जखमेची चिकटपट्टी आहे, गडद तपकिरी रंगाची. गोऱ्या कातडीवर ती ठळक उठून दिसते. पण दुसऱ्या रंगाची पट्टी बाजारात मिळतच नाही. पट्टी कोणाच्या कातडीला शोभेल अशी बनवायची, हे कोणीतरी कारखान्यात ठरवलेले असते. त्या एका पट्टीतून वाचकाला सारे राज्य कळते. म्हणूनच शेवटी काळ्या सेफीचा गोरा प्रियकर कॅलम फासावर जातो, तेव्हा दैवाला बोल लावायची सोय उरत नाही. फास आवळणारे हात दिसत असतात.

आपल्याकडे हे हात कुठे दिसतात? १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म-जात न बदलता लग्न करता येते. पण आधी नोटीस द्यायची, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाणार आणि हरकतींसाठी तीस दिवस थांबायचे. ज्यांना घरच्यांपासून लपून लग्न करायचे आहे, त्यांची नावे भिंतीवर! 'ट्वायलाइट'च्या चाहत्यांनी एकदा तो फलक जवळून पाहावा. त्या कागदाला रक्ताचा वास येत नाही, शाईचा येतो.

आणि दोन जगांतल्या प्रेमाची आपली सर्वांत जुनी कथा याबाबत अधिक सावध आहे. उर्वशी स्वर्गाची, पुरूरवा पृथ्वीचा. त्याने आपल्याला विवस्त्र दिसू नये, ही तिची अट. शतपथ ब्राह्मणात पुढचे सविस्तर आले आहे. उर्वशी माणसांत फार दिवस राहिली, असे गंधर्वांना वाटू लागते. ते रात्री तिच्या पलंगाला बांधलेले एक कोकरू पळवतात, मग दुसरे. इथे कोणी पुरुष आहे की नाही, अशा अर्थाचा तिचा आक्रोश ऐकून पुरूरवा तसाच उठून धावतो. त्याच क्षणी वीज चमकते, तिला तो दिसतो आणि ती नाहीशी होते. पुरूरव्याला वाटले असेल, नशीबच फुटके. पण कथा सांगणारा ऋषी लबाडीला सामील नाही. तो स्पष्ट सांगतो, की ती वीज गंधर्वांनी पाडली.