घरच्या गरजेचे सॉफ्टवेअर

मुलगी कॉम्प्युटर शिकते म्हटले की शेजारीपाजारी विचारतात, "नोकरी कधी लागेल?" प्रश्न रास्त आहे. पण नोकरी लागेपर्यंत त्या शिक्षणाचा घराला काय उपयोग, हे कुणी विचारत नाही. आज तेवढेच पाहू.

आधी कॉम्प्युटर बंद ठेवा. स्वयंपाकघराच्या भिंतीला कोरा कागद लावा आणि आठ दिवस घरात जो प्रश्न दोनदा विचारला जाईल तो त्यावर लिहा. आजीने बी.पी.ची गोळी घेतली का? सिलिंडर कधी लावला? जातीचा दाखला कुठे आहे? भिशीचे पैसे कुणाकडून यायचे राहिले? आईला जरूर विचारा. घरातले निम्मे हिशेब तिच्याच डोक्यात असतात.

आता त्यातले बरेचसे खोडा. गोळीची आठवण मोबाईलचा गजर करून देतो. दाखल्यांच्या प्रती ठेवायला २०१५ पासून डिजिलॉकर आहे. तयार आहे ते पुन्हा बनवण्यात हशील नाही.

उरलेल्यांत पहिला मान हजेरीला द्यावा, असे माझे मत. ठेकेदाराच्या वहीत २२ दिवस, बाईच्या हिशेबाने २४. रोज ६०० धरला तर १२०० रुपये गेले. बाईकडे लेखी काहीच नाही, म्हणून वाद तिथेच मिटतो. मुलीने आईच्या मोबाईलवर एवढेच करून द्यावे: तारीख, कामाची जागा, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, घेतलेली उचल. आईला वाचता येत नसेल तर हिरवे बटण आले, लाल बटण गेले. बाकीचा हिशेब यंत्र करील.

जादा कामाचेही तसेच. कारखान्यात जादा तासांना दुप्पट दर, असा कायदा आहे. बाबासाहेब मजूर खात्याचे सदस्य असताना १९४६ साली आठवड्याची मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आली. पण ४८ च्या वर किती भरले हेच मोजले नाही, तर मागणार काय? आठ तासांचे ६०० म्हणजे तासाला ७५, दुप्पट १५०, तीन तास जादा झाले तर ४५०. हे गणित एकदा बसवले की झाले.

यासाठी मोठी विद्या लागत नाही. स्प्रेडशीट पुरते. तिचा जन्मही असाच झाला. एक आकडा चुकला की फळ्यावरचा सगळा तक्ता पुसून पुन्हा मांडावा लागे, हे पाहून डॅन ब्रिकलिन या अमेरिकन विद्यार्थ्याला कल्पना सुचली आणि बॉब फ्रँकस्टन यांच्यासोबत त्याने केलेले व्हिजिकॅल्क १९७९ साली बाजारात आले. बटणे हवी असतील तर एमआयटीचे ॲप इन्व्हेंटर फुकट आहे. त्यात ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनतो. नववी-दहावीच्या मुलांना जमेल.

त्यात बँकेचा पिन मात्र लिहू नका. आणि मोबाईल घरात चौघे वापरत असतील तर आईच्या भिशीची नोंद तिच्या परवानगीशिवाय त्यात नको. (का, ते बायांना सांगायला नको!)

मोबाईल हरवतो, फुटतो. म्हणून दर महिनाअखेरीला हजेरी वहीत उतरवून घ्या, आणि पगार घेताना जमले तर त्या पानावर मुकादमाची सही मागा.